शोकेसमधला ड्रॅगन खेळाच्या टेबलावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टेबलावर आजवर सात ड्रॅगन येऊन गेले. त्यातला एकही खेळासाठी बनवलेला नव्हता. तीन गिफ्टच्या दुकानातले, दोन फिशटँकच्या सामानातले, एक वाढदिवसाच्या केकवरचा आणि एक मावशीच्या टीव्हीखालून उचललेला (परत केला, डाग न लागता). नवीन कोणी खेळायला आलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आम्ही खेळतो तो डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. आकडे त्याच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकांतले आहेत. दुसरा खेळ खेळत असाल तर चौकोनाचं माप तेवढं तपासून घ्या.

शोभेचा ड्रॅगन मिनी म्हणून चालतो का?

चालतो. मिनी म्हणजे पात्राची किंवा राक्षसाची जागा दाखवायला नकाशावर ठेवायची छोटी मूर्ती. पाचव्या आवृत्तीत ती वापरणंच ऐच्छिक आहे, नुसत्या वर्णनावरही खेळता येतं. मग ती मिनी कुठल्या दुकानातून आली, हे विचारायला कोण येणार?

आणि ही जुगाडाची पद्धत खुद्द खेळाहून जुनी आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला. त्याच्या आधी, १९७१ च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाच्या दिवसांत, दोन्ही खेळांच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सला टेबलावर ड्रॅगन हवा होता. त्याने खेळण्यातला प्लॅस्टिकचा स्टेगोसॉरस घेतला आणि त्यावरच कापाकापी, जोडाजोडी करून ड्रॅगन उभा केला. पुढे हाँगकाँगच्या बनावटीच्या स्वस्त प्राण्यांच्या पुडक्यातले काही विचित्र नमुने त्याच्या हाती लागले. हा कुठला प्राणी हे कोणालाच सांगता येईना. त्यांना नावं आणि ताकदी देता देता रस्ट मॉन्स्टर, आऊलबेअर आणि ब्युलेट जन्मले. आज ज्यांच्या मिनी महागड्या डब्यांत विकल्या जातात ते राक्षस मुळात चिल्लर खेळणी होते.

पण तो शोपीससारखाच दिसतो. बाकीच्या मिनींशी मेळ बसत नाही. मजा जात नाही का?

दिवाळीचा किल्ला आठवा. महाराज सिंहासनावर, चांगले वीतभर. दरवाजातला मावळा त्यांच्या गुडघ्याला लागणारा. गुहेतला वाघ बुरुजापेक्षा मोठा, आणि खाली पेरलेले हळीव उगवले की मावळ्याच्या मानाने ते शेत न राहता जंगलच व्हायचं. एकदा तरी कोणी म्हणालं का, की प्रमाण चुकलंय? आपल्याकडच्या प्रत्येकाचा डोळा लहानपणापासून असल्या मिसळीला सरावलेला आहे.

फरक एकच. किल्ल्यावरच्या वाघाचा पंजा मावळ्यापर्यंत पोचतो की नाही, यावरून कधी भांडण होत नाही. आमच्या टेबलावर दर शनिवारी होतं. म्हणून आमचा नियम असा, की ड्रॅगनने नकाशावर व्यापलेली जागा खरी हवी. तेवढी चोख मोजून ठेवली की वरचं ध्यान कसंही असू दे. खाली जागोजागी हाच नियम वेगवेगळ्या कपड्यांत भेटेल.

किती मोठा घ्यावा?

बॅटल मॅटवरचा, म्हणजे नकाशासाठी चौकोन आखलेल्या पटावरचा, एक चौकोन एक इंचाचा, आणि खेळात तो पाच फुटांचा. ड्रॅगन वयानुसार वाढतो. पाच वर्षांपर्यंतचं पिल्लू माणसाएवढीच जागा घेतं, म्हणजे एक चौकोन. ६ ते १०० वर्षांचा तरुण ड्रॅगन दोन बाय दोन चौकोन. १०१ ते ८०० वर्षांचा प्रौढ तीन बाय तीन. ८०० च्या पुढे गेलेला म्हातारा चार बाय चार, किंवा त्याहून जास्त.

दुकानात पट्टी न्या. विसरलात तर दहा रुपयांचं नाणं काढा. ते २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे चौकोनाहून किंचित मोठं. तीन नाणी ओळीने ठेवली आणि ड्रॅगनचे पाय त्यांच्यात मावले, की प्रौढ ड्रॅगन मिळाला. चार नाणी लागली तर म्हातारा.

मोजायचं ते पायांचं. इथे जवळजवळ सगळे चुकतात, मीही चुकलो होतो. शोपीस बनवणारा पंखांवर आणि शेपटीवर जीव ओततो. पंखांच्या टोकांपासून मोजलं तर मूर्ती नऊ इंच भरते, पण पाय बघावेत तर दोन इंचांत गोळा झालेले असतात. पंख हवेत आहेत, ते कोणाचा चौकोन अडवत नाहीत. शेपूट जमिनीवर पसरलेली असेल तर मात्र ती दुसऱ्याच्या चौकोनात घुसते आणि तिथे मिनी उभी राहत नाही. शेपूट अंगाभोवती गुंडाळलेला, पंख वर उचललेला आणि बसलेला ड्रॅगन मिळाला तर डोळे मिटून घ्या.

उंचीचं फार मनावर घेऊ नका, पण हिशोब गमतीचा आहे. एक इंच म्हणजे पाच फूट, म्हणजे प्रमाण साठास एक. वीस सेंटिमीटर उंचीचा शोपीस या हिशोबाने बारा मीटरचा होतो, साधारण चार मजली इमारत. म्हाताऱ्या ड्रॅगनला शोभतं ते. पिल्लू म्हणून तोच ठेवलात तर लोक हसतील.

पंखांखालच्या चौकोनात आमची मिनी उभीच राहत नाही. डोकं पंखाला लागतं.

ड्रॅगनला वर उचला. २८ मिलिमीटरच्या मापाची मिनी, हातातली तलवार किंवा काठी धरून, चार सेंटिमीटरच्या आसपास जाते. ड्रॅगनच्या पायाखाली तेवढ्या उंचीचा खडक दिला की पंख छतासारखे वर राहतात आणि रॉग (चोरपावलांनी वावरणारं पात्र) त्याच्या पोटाखाली खुशाल लपतो. खडकासाठी फिशटँकमधला हलका दगड, बुचाच्या लाकडाचे तुकडे किंवा जुन्या सोफ्याचा घट्ट फोम, काहीही चालेल.

नाशकात कुठे शोधायचे?

मेन रोड आणि शालिमारच्या बाजूला गिफ्टची नि शोभेच्या वस्तूंची दुकानं आहेत, तिथून सुरुवात करा. कॉलेज रोडवर वस्तू देखण्या असतात, पण तिथे किंमत कपाटाच्या काचेची सुद्धा लावतात असा माझा संशय आहे. ‘फेंगशुई’ची पाटी असलेलं कुठलंही दुकान सोडू नका.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे फिशटँकवाले. तिथे टाकीत ठेवायचे पडके किल्ले, कवट्या, बुडालेली जहाजं, खजिन्याच्या पेट्या आणि हो, ड्रॅगन मिळतात. ते पाण्यात राहण्यासाठी बनवलेले असल्यामुळे रंग पक्का असतो. आमचा एक तर तोंडातून बुडबुडे सोडणारा होता. त्याच्या पोटातून हवेच्या नळीचं भोक आरपार गेलेलं होतं, त्यात कापूस खुपसून धूर केला. केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत पिल्लं मिळतात, डायनासोरच्या घोळक्यात मिसळलेली. तरुण ड्रॅगनही कधीमधी सापडतो.

गंगेवरच्या (म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या) बुधवारच्या बाजारात मी ड्रॅगन शोधायला कधी जात नाही, पण भाजी घेता घेता नजर ठेवतो. रबरी साप आणि पाली तिथल्या खेळण्यांच्या पथारीवर हमखास दिसतात, आणि अळ्या, सरडे, बेसिलिस्क यांची सोय होऊन जाते.

एक सूचना. दुकानात नुसतं ‘ड्रॅगन आहे का?’ विचारू नका. मला एकदा समोरून उत्तर आलं होतं, ‘फ्रूट ना? ते पलीकडे, गाडीवर.’

फेंगशुईच्या ड्रॅगनला पंखच नाहीत. तो कसा चालेल?

उत्तम चालेल, फक्त त्याला खेळातला आग ओकणारा दुष्ट लाल ड्रॅगन म्हणू नका. चिनी परंपरेतला ड्रॅगन सापासारखा लांब, मिशाळ, पाण्याशी आणि पावसाशी नातं असलेला आणि बहुतेकदा शुभ. अग्नी ओकून गावं जाळणं हा युरोपातल्या ड्रॅगनचा धंदा. तेव्हा चिनी मूर्तीला सोनेरी ड्रॅगनची भूमिका द्या. खेळातला सोनेरी ड्रॅगनही लांबसडक, मिशांसारख्या लोंबत्या कल्ल्यांचा आणि स्वभावाने सज्जन आहे. पंखांची उणीव कोणाला खटकत नाही.

त्याच्या पंजात बहुतेकदा एक गोळा असतो, तो मोती. मी तो मोतीच कथेत घातला. म्हाताऱ्या ड्रॅगनने तो गमावलाय आणि नायकांनी शोधून आणायचाय, अशी चार सेशनं निघाली. पंजाची बोटंही मोजून बघा. पाच नखांचा ड्रॅगन चीनमध्ये बादशहाचं चिन्ह होता. आमच्या मूर्तीला चार निघाली, म्हणून तो दरबारातून हाकललेला सरदार झाला.

आणि कासवाच्या अंगाचा, ड्रॅगनच्या तोंडाचा, नाण्यांच्या राशीवर बसलेला शोपीस पाहिलाय ना? अर्ध्या नाशिकच्या हॉलमध्ये असेल. त्याला खेळात वेगळं रंगरूप द्यायची गरजच नाही. ‘ड्रॅगन टर्टल’ नावाचा राक्षस पुस्तकात आहेच. समुद्रात राहतो, जहाजं बुडवतो आणि साठ फुटांच्या शंकूत वाफ सोडतो. तोही चार बाय चार चौकोनांचा. बाजारात मिळणारा शोपीस सहसा त्यापेक्षा लहान भरतो, तेव्हा खाली निळ्या पुठ्ठ्याचा चार इंची चौकोन ठेवा, तेवढ्यात समुद्रही होतो. खजिना त्याच्या पायाखाली कारखान्यातूनच आलेला असतो.

माझ्या ड्रॅगनला दोनच पाय आहेत.

मग तो वायव्हर्न. चार पाय आणि दोन पंख म्हणजे ड्रॅगन, दोन पाय आणि दोन पंख म्हणजे वायव्हर्न. खेळातला वायव्हर्न आग ओकत नाही, त्याच्या शेपटीच्या नांगीत विष असतं, आणि जागा दोन बाय दोन. शोपीसवाले हा भेद पाळत नाहीत. तुम्हीही न पाळल्यास आकाश कोसळणार नाही, पण टेबलावर एखादा पुस्तकी किडा असेल तर तो बोट दाखवणारच.

रंगाचं काय? शोपीस सगळे काळपट-सोनेरीच असतात.

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण या खेळात रंगावरून ड्रॅगनचा स्वभाव आणि फुत्कार दोन्ही कळतात. दुष्ट पाच: लाल आग ओकतो, निळा वीज, हिरवा विषारी वायू, काळा आम्ल, पांढरा गोठवणारी थंडी. धातूंचे पाच बहुतांशी सज्जन: सोन्याचा आणि पितळेचा आग, चांदीचा थंडी, तांब्याचा आम्ल, काशाचा वीज.

पितळ, तांबं आणि कासं यांत बाहेरगावचे खेळाडू नेहमी गोंधळतात. ज्याचं लहानपण तांबट लेन आणि भांडी बाजाराच्या आसपास गेलंय, त्याला हा फरक शिकवावा लागत नाही. पिवळं ते पितळ, लालसर ते तांबं, आणि कासं म्हणजे आजीच्या ताटलीचा तो मातकट तपकिरी रंग.

आता आमची फजिती. मी ‘अँटिक’ झाक दिलेला एक शोपीस ठेवला, मनात लाल ड्रॅगन. रंगाबद्दल बोलायचं राहून गेलं. खेळणाऱ्यांतल्या एकाने राक्षसांचं पुस्तक पाठ केलेलं. त्याने बाकीच्यांना ग्वाही दिली, की हा पितळी आहे, पितळी ड्रॅगन बोलघेवडे असतात, हत्यारं म्यान करा आणि गप्पा मारायला चला. पाचही जण एकमेकांना चिकटून पुढे गेले. साठ फुटांचा आगीचा शंकू आला आणि दोघे जागीच आडवे झाले. चूक माझी होती, मी ती फेरी रद्द केली. तेव्हापासून न रंगवलेल्या ड्रॅगनच्या गळ्यात मी लोकरीचा रंगीत धागा बांधतो आणि सुरुवातीलाच सांगतो, की धाग्याचा रंग खरा.

रंगवायचाच असेल तर?

आधी तो कशाचा आहे ते ओळखा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

गिफ्टच्या दुकानातले बहुतेक ड्रॅगन पॉलिरेझिनचे असतात. जड, गार लागणारे, टिचक्या मारल्या तर दगडासारखा आवाज. हे रंगवायला सगळ्यात सोपे. भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर आणि दुकानातली धूळ दोन्ही अंगावर असतात. पूर्ण वाळू द्या. प्रायमरचा पातळ हात, मग गडद रंग, मग काळ्या-तपकिरी रंगाचं पातळ पाणी करून ते खवल्यांच्या खाचांत सोडायचं. ते वाळलं की ड्रायब्रश. ब्रशवर फिका रंग घ्यायचा, फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि कोरडा ब्रश खवल्यांवरून हलका फिरवायचा. उंचवट्यांना तेवढा रंग लागतो आणि एकेक खवला उठून दिसतो. शोपीसवर खवले खोल कोरलेले असल्यामुळे ही युक्ती महागड्या मिनीपेक्षा इथेच जास्त खुलते. शाळेत वापरतो तेच कॅमलचे किंवा फेविक्रिलचे अ‍ॅक्रिलिक रंग पुरतात.

मऊ, वाकणारा प्लॅस्टिकचा ड्रॅगन असेल तर स्प्रे प्रायमर टाळा. अशा प्लॅस्टिकवर काही स्प्रे वाळतच नाहीत, महिनाभराने हात लावला तरी चिकट. ब्रशनेच अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर द्या.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा असेल तर तो रंग पितो. आधी पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा हात देऊन तोंड बंद करा. चिनी मातीचा, चकाकणारा असेल तर रंग धरतच नाही, तसाच ठेवा. पितळेचा असेल तर रंगवणं पाप आहे. पितांबरी लावा, घासा, आणि पितळी ड्रॅगन म्हणूनच खेळवा. फक्त तो मॅटवर आपटू नका, वजनाने मॅटला खळगा पडतो.

पावसाळ्यात गच्चीवर किंवा गॅलरीत स्प्रे मारायचा मोह आवरा. दमट हवेत प्रायमर आणि वॉर्निश दोन्ही पांढुरके, धुरकट होतात. आषाढात घाई करून मी एका काळ्या ड्रॅगनला असा राखाडी करून ठेवलाय. आता तो ‘भुताचा ड्रॅगन’ म्हणून फिरतो. दसऱ्यानंतरची कोरडी हवा या कामाला चांगली.

डोळे रंगवणं मला कधी जमलं नाही. ओळखीत कोणी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारं असेल तर सिझन संपल्यावर त्यांच्याकडे न्या. दोन मिनिटांत ड्रॅगन तुमच्याकडे बघायला लागतो.

शोपीसचा मूळ पाया कापून टाकावा का?

पाया तुमच्या चौकोनांत बसत असेल तर हात लावू नका. ‘गुड लक’ वगैरे लिहिलेलं असेल तर त्यावर फेविकॉल पसरून वाळू शिंपडा आणि रंगवा.

मोठा, अंडाकृती, चारी बाजूंनी बाहेर येणारा पाया मात्र त्रास देतो. लोखंड कापायच्या बारीक दात्याच्या करवतीने पॉलिरेझिन कापता येतं. ओलं करून कापा आणि मास्क लावा, ती पूड छातीत गेलेली चांगली नाही. घोट्यापाशी कापायला जाऊ नका, तिथेच मोडतो. पायाखाली थोडा दगड राहू द्या. नवीन बेसला आणि पावलाला बारीक ड्रिलने भोक पाडून मध्ये तारेचा तुकडा घाला आणि एम-सीलने बसवा. नुसत्या फेविक्विकवर एवढं वजन टिकत नाही.

बेससाठी नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे जा. त्यांच्याकडे लेझर कटिंग असतं. तीन मिलिमीटर एमडीएफचे एक, दोन, तीन आणि चार इंची गोल कापून मागा. काम फुटकळ आहे म्हणून नाक मुरडतात, पण उरलेल्या पट्टीतून कापून देतात. तेवढीही खटपट नको असेल तर जुनी सीडी घ्या. ती बारा सेंटिमीटरची असते, म्हणजे चार चौकोनांहून थोडी मोठी, म्हाताऱ्या ड्रॅगनला साजेशी.

घरातल्या मंडळींचा शोपीस कापता येत नसेल तर बांगडीचा उपाय करा. बांगडीचं माप म्हणजे आतला व्यास, इंच आणि सोळांशांत. ‘दोन-चार’ म्हणजे सव्वादोन इंच, ‘दोन-आठ’ म्हणजे अडीच. तरुण ड्रॅगनखाली दोन-चारची काचेची बांगडी ठेवली की त्याची हद्द आखली गेली. विषबाधा झाली तर हिरवी, भेदरला तर पिवळी, अशा वरून आणखी बांगड्या घालता येतात. ड्रॅगनचा हात भरून जातो.

फुत्कार कुठून मोजायचा? तोंडातून?

बेसच्या कडेपासून. या आवृत्तीच्या मूळ नियमांत मिनीचं तोंड कुठल्या दिशेला आहे याला अर्थ नाही, आणि शोपीसचं डोकं तर नेहमी शोकेसकडे बघणाऱ्याच्या दिशेने वळवलेलं असतं. तोंडाच्या टोकापासून मोजलंत तर मान लांब असलेल्या ड्रॅगनला फुकटात दहा फूट मिळतात. खेळणारे हे तिसऱ्या सेशनला पकडतात.

प्रौढ लाल ड्रॅगनचा शंकू साठ फूट, म्हणजे बारा इंच. शंकूची रुंदी प्रत्येक ठिकाणी तिथवरच्या अंतराएवढी असते. बारा इंच उंचीचा आणि बारा इंच पायाचा त्रिकोण कापला की झालं. तरुण लाल ड्रॅगनचा तीस फूट, त्याला लग्नपत्रिकेचा जाड कागद पुरतो. आमच्या टेबलावरचा शंकू अजूनही एका बाजूने ‘सहकुटुंब सहपरिवार’ वाचता येईल असा आहे.

चाव्याचं आणि शेपटीचंही तसंच. प्रौढ ड्रॅगनचा चावा दोन चौकोन, शेपटीचा तडाखा तीन चौकोन, बेसपासून. मूर्तीची शेपूट आखूड असली तरी तीनच.

उडतोय हे कसं दाखवायचं?

पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा उपडा, त्यावर ड्रॅगन. पॉलिरेझिनचा असेल तर काजूकतलीचा पातळ डबा घेऊ नका, पंचमीच्या झोक्यासारखा डुलतो आणि खाली उभे असलेले सगळे मरतात, नियमाबाहेर. किती फुटांवर आहे ते शेजारी ठेवलेल्या फाशाने दाखवा.

पंख तुटला. आता?

रेझिन ठिसूळ असतं, तुटणारच. तुटलेली कड कोरडी पुसा, फेविक्विकचा थेंब, जुळवून धरा आणि सांध्यावर चिमूटभर खायचा सोडा. क्षणात दगड होतो. सोडा पडल्यावर तो सांधा गरम होतो आणि वास नाकात जातो, खिडकी उघडी ठेवा. भेग उरली तर एम-सील भरून ओल्या बोटाने गुळगुळीत करा.

तुकडा हरवला असेल तर नवीन बनवत बसू नका. एक पंख गेलेला ड्रॅगन ही गोष्ट आहे. कोणी तोडला, कधी तोडला, आणि तो अजून जिवंत आहे का, हे तुमचे खेळाडू आपणहून विचारतील.

घरचे शोकेसमधून काढूच देत नाहीत.

आमच्याकडे संवाद असा झाला होता:

‘आई, तो ड्रॅगन दोन तास नेऊ का?’

‘पूर्वेला ठेवलाय तो. हलवायचा नाही.’

‘पूर्वेकडे तोंड करून खेळतो.’

‘आणि चिवड्याचे हात लागले म्हणजे?’

फेंगशुईत ड्रॅगनची दिशा पूर्व, हे आईचं बरोबर होतं. चिवड्याचंही बरोबर होतं. तेलकट मसाला खवल्यांच्या खाचांत बसला की दातांचा ब्रश घेऊन बसावं लागतं. शेवटी ठरलं ते असं: फक्त मी उचलायचा, खायचं दुसऱ्या टेबलावर, आणि रात्री झोपण्याआधी जागच्या जागी. तीन वर्षं हा करार टिकलाय. मावशीचा ड्रॅगन मात्र न विचारता आणला होता, ते करू नका.

मग सरळ खरी मिनीच का घेऊ नये?

घ्या ना. छोट्या मिनींच्या बाबतीत माझं मतही तेच आहे. माणसाएवढी मिनी शोपीसमधून मिळत नाही, आणि आपला नायक प्रत्येकाला आपल्या मनातलाच हवा असतो. पण ड्रॅगन जितका मोठा तितका महाग, परदेशातून मागवला तर वर वाहतूक आणि जकात, आणि तो टेबलावर येणार वर्षातून एकदा. थ्रीडी प्रिंटिंग हा मधला मार्ग आहे. मात्र एवढा मोठा ड्रॅगन छापायला बरेच तास लागतात, भाग जोडावे लागतात आणि रंगवायचा तो आपणच.

ड्रॅगन नाहीच मिळाला तर दुसरं काय चालेल?

डायनासोर, मगर, मोठी रबरी पाल. गायगॅक्सचा स्टेगोसॉरस वर आलाच आहे. आपल्याकडच्या देवळांवर कोरलेले व्याल आणि अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारी मकरमुखं बघून ठेवा. सिंहाचं अंग आणि हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि मोराची शेपूट, असले प्राणी आपल्या पाथरवटांनी कधीच करून ठेवलेत. मातीत हात चालत असेल तर शाडूचा मकर करून बघा, कुठल्याही टेबलावर दुसरा सापडणार नाही.

देव्हाऱ्यातलं मात्र टेबलावर आणू नका. शेषनाग, गरुड, देवाची वाहनं, कितीही चपखल बसत असली तरी. कोणाच्या भावना वगैरे नंतरची गोष्ट, मला स्वतःलाच त्यावर फासे टाकून घाव घालवणार नाहीत.

लहान मुलांच्या हाती दिला तर चालेल?

मऊ प्लॅस्टिकचा चालेल. रेझिनचे पंख टोकदार असतात. जुन्या बाजारातल्या करड्या धातूच्या मूर्तीत शिसं असू शकतं, ती मुलांपासून लांब ठेवा आणि तिला घासू नका.

ठेवायचा कसा?

पंखांभोवती जुन्या सुती साडीचे तुकडे गुंडाळून, बुटांच्या खोक्यात, उभा. एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत विसरू नका. आमचा प्लॅस्टिकचा हिरवा ड्रॅगन सातपूरहून घरी येईपर्यंत पंख पाडून बसला होता, लग्नात उन्हात उभ्या केलेल्या वऱ्हाड्यासारखा. असं झालं तर कढत पाण्यात मिनिटभर बुडवा, हाताने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा.

ड्रॅगन मेला. मूर्ती उचलायची की तिथेच ठेवायची?

ठेवायची. मेलेला ड्रॅगन नऊ चौकोन अडवून पडलेला असतो, त्याच्याआड लपता येतं, त्याच्यावर चढता येतं, आणि कोणीतरी दात काढायला येतंच. अडचण एवढीच, की शोपीस आडवा पडत नाही. पंखावर भार आला की कट्ट आवाज होतो. आम्ही तो उभाच ठेवतो आणि वरून हातरुमाल टाकतो. गेल्या वेळी रुमाल टाकून झाल्यावर पार्टी, म्हणजे नायकांची टोळी, खजिन्याच्या वाटणीवरून पाऊण तास भांडत बसली, आणि आतल्या खोलीतून आवाज आला, ‘तुमचा मेला असेल तर माझा आणून ठेवा जागेवर.’